२६ जून : एका तारखेचे दोन कागद

आजच्या तारखेला महाराष्ट्रात दोन वेगवेगळे कार्यक्रम होतात आणि एकाचे निमंत्रित दुसऱ्याकडे सहसा फिरकत नाहीत. सकाळी सरकारी कार्यालयांत राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो, कारण त्यांची जयंती राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळली जाते. संध्याकाळी एखाद्या सभागृहात आणीबाणीच्या आठवणींची सभा भरते. ही सभा पूर्वी जुन्या समाजवाद्यांची आणि संघाच्या कार्यकर्त्यांची घरगुती बाब असे. केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये २५ जून हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून अधिसूचित केल्यापासून तिला सरकारी मांडव मिळाला आहे.

या दोन्ही घटना शेवटी एकेका सरकारी कागदाच्या आहेत, आणि आपल्या राजकारणात त्या दोन्ही कागदांचा जयजयकार किंवा धिक्कार करणारे पुष्कळ असले तरी ते उघडून वाचणारे फार थोडे आहेत, एवढीच या धाग्यामागची माझी तक्रार आहे. म्हणून आज दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत असे वाटले.

पहिला कागद शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या आदेशाचा, २६ जुलै १९०२ चा आहे. त्या वेळी महाराज इंग्लंडमध्ये होते आणि आदेश करवीर संस्थानच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात घोषणेने होत नाही, कबुलीने होते. सर्व वर्गांत शिक्षण पसरावे असा प्रयत्न गेली काही वर्षे संस्थानात चालू आहे, पण अधिक मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत महाराजांची इच्छा पुरी झालेली नाही, आणि याचे कारण उच्च शिक्षणाची फळे पुरेशी सर्वदूर वाटली जात नाहीत हे आहे, असा तिथे युक्तिवाद आहे. शिकून नोकरी मिळणार नसेल तर शेतकऱ्याने पोराला शाळेत कशासाठी घालायचे, हा प्रश्न राज्यकर्त्याने स्वतःला विचारलेला त्यात दिसतो. त्यानंतर आदेश सांगतो की या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भरल्या जाव्यात, आणि ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण आज पन्नास टक्क्यांहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व ते मागासलेले, अशी व्याख्याही त्यातच दिलेली आहे.

माझ्या दृष्टीने त्या आदेशातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र वेगळेच आहे, आणि ते कोणत्याही फलकावर मी आजवर पाहिलेले नाही. सर्व खातेप्रमुखांनी या आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचे तिमाही विवरणपत्र सरकारकडे सादर करावे, असे ते वाक्य आहे. दर तीन महिन्यांनी हिशेब मागणारा राज्यकर्ता आपल्या नोकरशाहीला ओळखून होता. १८९४ मध्ये महाराज गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मणांची संख्या ३५ वर आली. नुसत्या सदिच्छेने हा बदल झाला नसता.

दुसरा कागद एका वाक्याचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५२ च्या पहिल्या खंडाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून, अंतर्गत अशांततेमुळे भारताच्या सुरक्षेला धोका निर्माण झालेली गंभीर आणीबाणी अस्तित्वात आहे, असे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्यात घोषित केले. सही २५ जून १९७५ च्या रात्री झाली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बोलावण्यात आली, म्हणजे मंत्र्यांना जे मंजूर करायचे होते ते आधीच घडून गेलेले होते. सकाळी आकाशवाणीवरून इंदिरा गांधींनी देशाला सांगितले की राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे आणि घाबरण्याचे कारण नाही. दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज रात्रीच तोडलेली असल्यामुळे अनेक वाचकांच्या हाती त्या सकाळी वर्तमानपत्र आले नाही. जयप्रकाश नारायण आदल्या संध्याकाळी रामलीला मैदानावर बोलले होते आणि उजाडेपर्यंत ते अटकेत होते.

अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जूनला पंतप्रधानांची रायबरेलीची निवड रद्द ठरवली आणि २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे सुटीतील न्यायाधीश न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली, ही पार्श्वभूमी बहुतेकांना पाठ असते. डिसेंबर १९७१ पासून युद्धाच्या कारणाने जाहीर झालेली बाह्य आक्रमणाची आणीबाणी १९७५ मध्येही लागूच होती, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. म्हणजे २६ जूनच्या सकाळी देशात एकाच वेळी दोन आणीबाण्या होत्या. पहिली उठवायची राहून गेली होती आणि कुणाला तिचे फारसे काही वाटत नव्हते. मला ती सवय दुसऱ्या आणीबाणीइतकीच काळजीची वाटते.

आता आजच्याकडे येतो. शाहू महाराजांचे नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रात आरक्षणाचे भाषण सुरू होत नाही, पण १९०२ मध्ये पन्नास हा आकडा जमिनीसारखा होता, आज तो छतासारखा आहे. इंद्रा सहानी खटल्यात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली आणि अपवादात्मक परिस्थितीची एक खिडकी उघडी ठेवली. तेव्हापासून प्रत्येक सरकार त्या खिडकीतून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात आहे. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. राज्यातील आधीचे ५२ टक्के, हे दहा आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे दहा धरले तर बेरीज ७२ होते. त्यात २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटियरविषयीच्या शासन निर्णयाने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा प्रश्न आणि त्याबरोबर इतर मागासवर्गीयांची अस्वस्थताही वाढवली. या सगळ्यात टक्केवारीवर जेवढे रण माजते त्याच्या दशांशानेही प्रत्यक्ष किती जागा भरल्या याची चर्चा होत नाही. तिमाही विवरणपत्राचे ते वाक्य म्हणूनच मला आज सर्वांत राजकीय वाटते.

आणीबाणीच्या बाबतीत तर सगळ्याच पक्षांची स्मरणशक्ती सोयीची आहे. संविधानाची प्रत हातात धरून प्रचार करणाऱ्या काँग्रेसला १९७५ वर सविस्तर बोलणे अवघड जाते, जरी राहुल गांधींनी २०२१ मध्ये ती चूक होती असे मान्य केले असले. दुसरीकडे संविधान हत्या दिवस पाळणाऱ्या राज्य सरकारात शिवसेनेचा वारसा सांगणारा पक्ष आहे, आणि त्या मूळ शिवसेनेने त्या काळात आणीबाणीला पाठिंबा दिला होता. आणि याच सरकारने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात संमत करून घेतले, ज्यात बेकायदेशीर कृत्याची व्याख्या इतकी लवचीक आहे की ती कुठवर ताणता येईल हे वापरणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहील.

दोन्ही कागदांविषयी, आणि त्यांच्या आजच्या वापराविषयी, आपली मते वाचायला आवडतील.


प्रतिसाद १

लेख आवडला, पण दोन कागद शेजारी ठेवण्याची कल्पना मला पटली नाही. माझे वडील मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली तेरा महिने नाशिकरोड कारागृहात स्थानबद्ध होते. आमच्या घरी आणीबाणी म्हणजे अनुच्छेद ३५२ नव्हता, तर महिन्यातून एकदा येणारे पत्र होते, ज्यावर कारागृहाचा शिक्का आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरे असत. एका पत्रातील दोन ओळी काळ्या शाईने पूर्ण बुजवलेल्या होत्या. आईने तो कागद खिडकीशी उजेडात धरून कितीदा तरी पाहिला. वडील सुटून आल्यावर तिने पहिल्यांदा त्या ओळींविषयी विचारले, तेव्हा कळले की गाभण शेळी विकू नका एवढेच त्यांत लिहिले होते. तपासणाऱ्याला त्यात कोणता सांकेतिक अर्थ दिसला, हे कोडे आमच्या घरात आजही सुटलेले नाही.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालाप्रमाणे देशात मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५ हजारांहून अधिक माणसे डांबली गेली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ खाली न्यायालयात जाण्याचा हक्क निलंबित झाला होता आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने त्यावर शिक्कामोर्तब केले. विरोधात उभे राहिलेले न्या. हंसराज खन्ना यांचे सरन्यायाधीशपद पुढे हुकले. हे सगळे घडले असताना त्या दिवसाला सरकारी मांडव मिळाला म्हणून नाक मुरडणे मला बरोबर वाटत नाही.

मानधनाविषयी मात्र आपल्याशी सहमत होईन, जरी आपण तो विषय काढलेला नाही. आणीबाणीतील बंदिवानांना राज्य सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केले, २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते बंद केले, २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि २०२५ मध्ये दुप्पट झाले. म्हणजे सरकार बदलले की माझ्या वडिलांच्या तुरुंगवासाचे मोल बदलते. ते असते तर यावर खूप हसले असते.


प्रतिसाद २

एक तपशील. जुन्या पुस्तकांत आणि काही संदर्भग्रंथांत शाहू महाराजांची जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशीही आढळते. आज सरकार २६ जून मानते आणि जयंतीही त्याच दिवशी होते. आरक्षणाचा आदेश २६ जुलैचा असल्यामुळे हा गोंधळ आणखी वाढतो, आणि दरवर्षी कुणीतरी ‘जयंतीच्याच दिवशी महाराजांनी आरक्षण दिले’ असा संदेश पुढे ढकलतो.

दुसरी गंमत अशी की महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. तो समारंभ २६ जून १९०२ या दिवशी ठरलेला होता, म्हणजे आजच्या गणनेप्रमाणे महाराजांच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी. दोन दिवस आधी राजाला आंत्रपुच्छाचा विकार झाला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. मधल्या त्या लांबलेल्या मुक्कामातच कोल्हापुरात हा आदेश निघाला. साम्राज्याचा मुकुट लांबणीवर पडला आणि संस्थानातली कारकुनाची जागा मात्र वेळेवर वाटली गेली.


प्रतिसाद ३

मला धाग्यातील मांडणी थोडी भाबडी वाटते. शाहू महाराजांचा आदेश हाही एका राजाचा हुकूम होता. त्यामागे निवडून आलेले कोणतेही विधिमंडळ नव्हते, त्याच्यावर अपील नव्हते, आणि ज्यांच्या नोकऱ्यांची वाट अरुंद झाली त्यांना कुणी विचारले नव्हते. उलट १९७५ ची घोषणा संविधानातील कलमाखाली झाली आणि संसदेने तिला मान्यताही दिली. निव्वळ प्रक्रिया पाहायची तर दुसरा कागद पहिल्यापेक्षा अधिक लोकशाहीचा ठरतो. मग आपण पहिल्याला हार आणि दुसऱ्याला काळी फीत का देतो? परिणाम आवडला म्हणून प्रक्रियेकडे कानाडोळा करायचा, ही सवय आजच्या राजकारणातही सगळ्यांना आहे. आपल्या बाजूचा वटहुकूम धाडसी असतो आणि दुसऱ्या बाजूचा हुकूमशाही.


धागाकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. शेवटचा आक्षेप खरोखर अडचणीचा आहे, त्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो.

महाराज एकाधिकारी राजे होते हे नाकारण्याचे कारण नाही. ब्रिटिश रेसिडेंटचा डोळा त्यांच्यावर होता, पण प्रजेला उत्तर देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. मला फरक दिसतो तो सत्तेच्या दिशेत. १९०२ च्या कागदाने राजाने आपल्या कचेरीचे दार उघडले आणि खातेप्रमुखांच्या मर्जीवर अंकुश घातला. पुढच्या अठरा वर्षांत त्याच दिशेची पावले पडत गेली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला. १९१८ मध्ये महार वतन बंद झाले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण बाबासाहेब आंबेडकरांकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी आहे असे जमलेल्या लोकांना सांगितले. आपल्या हयातीत दुसऱ्याचा पुढारीपणा भर सभेत मान्य करणे राज्यकर्त्यांना फार क्वचित जमते.

१९७५ च्या कागदाने नेमके उलट केले. संसदेने मान्यता दिली हे खरे, पण विरोधी सदस्य तुरुंगात असताना आणि वृत्तपत्रे सेन्सॉरखाली असताना दिली. त्याच संसदेने ऑगस्टमध्ये अडतिसावी घटनादुरुस्ती करून आणीबाणीच्या घोषणेला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली आणि एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूकच न्यायालयाच्या आवाक्याबाहेर नेण्याचा प्रयत्न केला. प्रक्रिया पाळली असे म्हणताना ती प्रक्रिया कोणत्या खोलीत आणि कुणाच्या अनुपस्थितीत पाळली हेही पाहावे लागते.

यात आपल्या राज्याने काय केले हेही विसरू नये. १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही, पण आमच्या सभागृहाने हात वर केले होते. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी सत्तेच्या दडपणाविरुद्ध स्पष्ट शब्दांत भूमिका घेतली, तीही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना. पुढे त्यांना अटक झाली. आणीबाणीतल्या महाराष्ट्राची स्मारके उभी करायची तर हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवावेत असे मला वाटते.

पहिल्या प्रतिसादातील पत्राविषयी काय लिहावे ते सुचत नाही. ‘सरकारी मांडव’ हा शब्द मी उपरोधाने वापरला होता. आपल्या घरच्या आठवणीला तो लागला असेल तर दिलगीर आहे. माझा रोख दिवस पाळण्यावर नव्हता. ज्या चुकीचा दिवस पाळायचा तिच्याच जातीची हत्यारे घरात जपून ठेवायची, यावर होता. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७८ मध्ये ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ घातले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला, आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरवले. मात्र प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची तरतूद अनुच्छेद २२ मध्ये तशीच राहिली. मिसा गेला, पण त्याची भावंडे घरात आहेत.


प्रतिसाद ४

जनसुरक्षा विधेयकाविषयीचे वाक्य एकतर्फी आहे असे नोंदवतो. माझे बालपण गडचिरोली जिल्ह्यात गेले. रात्री घराबाहेर उभ्या राहिलेल्या बंदूकधारी माणसांना भाकरी देण्यास नकार दिला तरी मरण आणि दिली तरी पोलीस चौकशी, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. माओवादी चळवळीचे शहरी पाठीराखे ही कल्पना पूर्णपणे सरकारने रचलेली नाही. शिवाय विधेयक संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, मूळ मसुद्यातील व्यक्ती हा शब्द सुधारून कडव्या डाव्या संघटनांवर रोख ठेवण्यात आला, आणि सल्लागार मंडळाची तरतूद आहे. एका रात्रीत, वीज तोडून, मंत्रिमंडळाला न विचारता काढलेल्या घोषणेशी याची तुलना करणे अन्यायाचे आहे.


प्रतिसाद ५

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. तुलना आणीबाणीच्या घोषणेशी नको, पण मिसाशी व्हायला हवी. मिसा १९७१ मध्ये आला तेव्हा तोही संसदेत चर्चा होऊन आला होता आणि त्यातही सल्लागार मंडळ होते. तेव्हा सांगितलेले कारण देशाच्या सुरक्षेचे होते. चार वर्षांनी त्याच कायद्याखाली आणीबाणीत मोठी धरपकड झाली आणि सल्लागार मंडळाची तरतूद दुरुस्तीने निकामी केली गेली. कायदा करणाऱ्याचा हेतू आणि कायदा वापरणाऱ्याचा हेतू यांत चार वर्षांचे अंतर पुरेसे असते. जनसुरक्षा विधेयकातील ‘तत्सम संघटना’ या दोन शब्दांत उद्या कोण बसेल हे आजचे गृहमंत्री सांगू शकत नाहीत, कारण उद्याचे गृहमंत्री कोण असतील हे त्यांनाही ठाऊक नाही.

जाता जाता, २६ जून हा छळग्रस्तांच्या समर्थनाचा आंतरराष्ट्रीय दिवसही आहे, कारण छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार १९८७ मध्ये याच दिवशी अमलात आला. भारताने त्यावर १९९७ मध्ये सही केली, पण आजतागायत त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. मधल्या काळात केंद्रात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. कोठडीतील मृत्यूंवरून विरोधी बाकांवरून ओरडणारा प्रत्येक पक्ष सत्तेच्या बाकांवर गेल्यावर या कराराविषयी गप्प बसतो.


प्रतिसाद ६

इतक्या गंभीर चर्चेत हे लिहू की नको असा विचार करत होतो, पण दिनविशेष म्हटल्यावर बालगंधर्वांना वगळणे मला जड जाते. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. आणि हा विषयही अगदीच परका नाही, कारण मुलाचा आवाज ऐकून त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार करवणारे शाहू महाराजच होते. मिरजेतूनच तो मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीच्या नजरेत भरला आणि मराठी रंगभूमीचे पुढचे पाव शतक बदलले. एका तारखेला जन्मलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा कान वाचवला, एवढेच.


प्रतिसाद ७

मी राज्य शासनाच्या सेवेत बत्तीस वर्षे होते आणि त्यांतील बराचसा काळ आस्थापना शाखेत गेला. धागाकर्त्यांनी तिमाही विवरणपत्राचा मुद्दा काढला म्हणून थोडे लिहिते.

आमच्याकडे त्या वाक्याचे आजचे रूप म्हणजे बिंदुनामावली. शंभर बिंदूंची नोंदवही असते, प्रत्येक बिंदूसमोर प्रवर्ग ठरलेला असतो, आणि संवर्गातील प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव, जातवैधता आणि नेमणुकीची तारीख त्यात भरावी लागते. ती नोंदवही मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय भरतीचे मागणीपत्र पुढे जात नाही. कागदावर ही व्यवस्था १९०२ पेक्षा कितीतरी पक्की आहे, आणि २००१ च्या आरक्षण अधिनियमात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात काय होते? पाच वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालेल्या माणसाचे नाव बिंदूवर तसेच असते, खुल्या प्रवर्गात गुणवत्तेने आलेल्या उमेदवाराला राखीव बिंदूवर बसवलेले असते, आणि नोंदवही त्रुटींसह परत येते. त्रुटी दुरुस्त होईपर्यंत आर्थिक वर्ष संपते. भरती न करण्यासाठी कुणाला नकार द्यावा लागत नाही, नोंदवही अपुरी ठेवली की काम भागते.

माझ्या काळातील खरा बदल मात्र निराळा होता. शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार, पुढे लिपिक आणि डाटा एंट्रीचे काम हळूहळू बाह्ययंत्रणेकडे गेले. बाह्ययंत्रणेच्या माणसाला बिंदू नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत शिक्षितांपासून अकुशलांपर्यंत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. त्या महिन्यात एकमेकांवर आरोप करताना दोन्ही बाजूंनी हे धोरण मुळात दुसऱ्याच्या काळात सुरू झाले असे सांगितले, आणि माझ्या माहितीप्रमाणे दोघेही खरे बोलत होते. निर्णय मागे गेला, पण कचेऱ्यांच्या दारावरचा सुरक्षा रक्षक आणि टेबलावरचा डाटा एंट्रीवाला आजही ठेकेदाराचाच आहे. पन्नास टक्के की बहात्तर टक्के यावर मोर्चे निघतात, आणि ज्याच्यातून टक्के काढायचे ती भाकरी टोपलीतून कमी होत असते.


धागाकर्ता

या प्रतिसादानंतर मूळ लेखात दुरुस्ती करण्यासारखे बरेच आहे असे वाटते. ‘प्रत्यक्ष किती जागा भरल्या याची चर्चा होत नाही’ असे मी लिहिले होते. किती जागा मुळात उरल्या, हा त्याच्या आधीचा प्रश्न होता.

आपण कार्यालयात असताना शाहू जयंतीला तो आदेश कधी वाचला गेला का, हे विचारावेसे वाटते.


प्रतिसाद ८

एकदा वाचला गेला, आणि तो मीच वाचला होता. निवृत्तीच्या आदल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात बोलण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा भाषणाऐवजी मराठी अनुवाद घेऊन गेले. पूर्ण आदेश वाचायला चार मिनिटेही लागली नाहीत. तिमाही विवरणपत्राचे वाक्य आले तेव्हा मागच्या रांगेतील एका तरुण लिपिकाने शेजारच्याला हळूच विचारले की आपले मार्चअखेरचे विवरण गेले का. साहेबांनी ते ऐकले. कार्यक्रम संपल्यावर चहाचा कप हातात धरूनच त्यांनी नोंदवही मागवली, आणि शेवटची तपासणी कोणत्या वर्षी झाली होती हे पाहून ती कुणाला न दाखवता कपाटात ठेवून दिली.